‘हस्ते’चा रकाना

दुर्गाघाटावरच्या आमच्या घरी आजीची एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली, वाण्याच्या दुकानात असते तशी लांबट. पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली ‘देणे-घेणे’. पहिली नोंद १९३७च्या भाऊबिजेची. पुढे प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले: तिथी, नाव, जिन्नस आणि हस्ते. शेवटच्या रकान्याचा अर्थ हल्लीच्या मुलांना सांगावा लागतो. वस्तू किंवा रक्कम कोणाच्या हातून गेली, कोणाच्या हातून आली, ते तिथे लिहायचे. जुन्या मराठी हिशेबातला हा नेहमीचा शब्द. आजीने तो सासऱ्यांच्या जमाखर्चातून उचलला असावा.

गेल्या वर्षी भाऊबिजेला पुण्याहून दादाकडे गेले, तेव्हा मी ती वही पहिल्यांदा पानापानाने वाचली. सणासुदीच्या देण्याघेण्यावर काही लिहावे असे मनात होते, आणि खरे सांगायचे तर निष्कर्षही तयार होता: पूर्वी माया होती, आता बाजार आहे. वहीने तो निष्कर्ष टिकू दिला नाही.

मुळात दुर्गाघाटाच्या मराठी माणसाने देण्याघेण्याबद्दल फार सोवळेपणा दाखवू नये. आमची वस्तीच दानावर उभी आहे. अठराव्या शतकात पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांनी काशीत घाट बांधवले, त्यांत दुर्गाघाट आणि शेजारचा ब्रह्माघाट येतो. १७३५ साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेला आल्या. पुढे पेशवे, शिंदे, होळकर, भोसले यांच्या पैशाने वाडे, देवळे, अन्नछत्रे उभी राहिली. पलीकडच्या पंचगंगा घाटावरची दगडी हजारा दीपमाळ अहिल्याबाईंची. या सगळ्याच्या आसऱ्याने दशग्रंथी ब्राह्मण आले, त्यांच्यामागे विद्यार्थी आले, आणि काशीत देह ठेवायला म्हणून विधवा बायका आल्या. आमच्या घराण्यात आजोबांपर्यंत संस्कृत पाठशाळेतली शिकवणी आणि यात्रेकरूंची व्यवस्था यांवर संसार चालला. म्हणजे आम्ही घेणारे लोक. देणाऱ्याच्या दारातून पाहिले की भेट वेगळी दिसते आणि घेणाऱ्याच्या ओसरीवरून वेगळी, हे आमच्या घरात कोणाला शिकवावे लागले नाही.

दान म्हणजे हिशेबापलीकडचे, असेही कधी नव्हते. पुण्यात पेशवे श्रावणात रमण्यावर दक्षिणा वाटत, तेव्हा विद्वत्ता पाहून रक्कम ठरे. १८१८ नंतर इंग्रजांनी ती प्रथा एकदम मोडली नाही. त्याच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे लोकहितवादी आणि पुण्यातल्या इतर सुधारकांनी हा पैसा मराठी ग्रंथांकडे वळवावा असा अर्ज केला, पुण्यात त्यावर वादळ उठले, आणि १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी झाली. श्रावणात हातावर पडणारी दक्षिणा ग्रंथाचे बक्षीस झाली. कोणाला द्यावे, कशासाठी द्यावे, हा वाद इतका जुना आहे. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटीवर प्रसिद्ध निबंध लिहिला. द्यावे लागते, घ्यावे लागते आणि परत करावे लागते, ही तीन बंधने त्याने मांडली. त्यात महाभारताच्या अनुशासनपर्वातल्या दानधर्माचीही चर्चा आहे. आजीने मोसचे नाव ऐकण्याचा प्रश्न नव्हता. पण तिच्या वहीचे डावे पान ‘आले’ आणि उजवे पान ‘गेले’ असे होते, आणि दोन्हींचा मेळ ती दर दिवाळीनंतर घाली.

काय जाई काशीहून? सगळ्यांत आधी गडू. ठठेरी बाजारातून तांब्याचे छोटे गडू घ्यायचे, गंगा भरायची आणि डाख लावून तोंड बंद करून घ्यायचे. देशावरच्या घरी तो गडू देवघरात राही. कोणी यात्रा करून परतला की मावंदे होई आणि तेव्हा गडूची पूजा होई. मग काळभैरवाचे काळे गोफ, मुलांच्या गळ्यात घालायला. संक्रांतीच्या आधी पंचवीस-तीस कुंकवाच्या डब्या जात: काश्मिरीगंजातल्या, लाकूड कातून वर लाखेचा लाल-पिवळा रंग चढवलेल्या. ही देशावरच्या बायकांची वाणाची मागणी. पैसे त्या पाठवत, निवड आजीची. आणि घरात कुठे लग्न ठरले की शालू. पुण्या-नाशिकचे नातलग पत्र टाकत, आजोबा कुंजगलीत फेऱ्या मारत. एक शालू मदनपुऱ्याच्या विणकराकडून थेट आला, त्याची नोंद दोन ठिकाणी आहे. एकदा रकमेची. दुसऱ्यांदा त्या घरी गेलेल्या फराळाची, आणि समोरच्या पानावर ईदेच्या शेवयांची.

आणि ‘हस्ते’ खाली? ‘नाशिकचे यात्रेकरू.’ ‘ग्वाल्हेरचे मामा.’ ‘वाईचे शास्त्रीबुवा, परतीच्या वाटेवर.’ ज्या माणसाच्या हाती वस्तू दिली तो आधी आमच्याकडे चार दिवस जेवलेला असे आणि तिकडे पोचल्यावर आणखी दोन दिवस जेवे. शालूबरोबर आमच्या घरच्या बातम्या जात: कोणाला दिवस गेलेत, कोणाचे डोळे गेले, कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे. हे सगळे विकत घेतलेल्या वस्तूभोवतीच घडत होते. बाजार तेव्हाही होता, फक्त त्याच्या पलीकडचा प्रवास माणसाच्या हातून होई.

या हातांची जागा टपालाने आणि रेल्वेने हळूहळू घेतली. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि १८८७ साली काशीत गंगेवर रेल्वेचा पूल झाला. आजीच्या वहीत मनिऑर्डर पहिल्या पानापासून आहे, पण ‘हस्ते’ खाली तिने ‘पोस्ट’ असे कधी लिहिले नाही. ती टपालवाल्याचे नाव लिही. भाऊबिजेच्या सुमाराला तो ओसरीवर बसून रक्कम मोजून देई. त्याला चकलीचा पुडा मिळे, आणि त्या पुड्याचीही नोंद उजव्या पानावर होई.

काळाचा रेटा वहीत असा आडून दिसतो. १९०५च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. त्याच डिसेंबरात काशीला गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. ते दिवस आजीने पाहिले नव्हते, पण तिच्या सुरुवातीच्या नोंदींत ‘खण, स्वदेशी’ असे आवर्जून लिहिलेले आहे. भेट कुठे विणली गेली हे सांगणे तोवर भेटीचाच भाग झाले होते. १९४३ साली कापडावर नियंत्रण आले. त्यानंतरची तीन वर्षे वहीत खण आणि लुगडी जवळजवळ नाहीतच. ‘कापडाबद्दल रोख’ अशा ओळी आहेत. युद्ध संपल्यावर कापड परत आले, पण रोख पूर्ण गेली नाही. तबकात रुपया टाकण्याची सवय जुनीच होती. जिन्नसाऐवजी रोख चालते, ही सवय मला वाटते या वर्षांनी लावली.

इथवर वही वाचताना मी मजेत होते. मग एक नाव खटकू लागले.

दर भाऊबिजेला उजव्या पानावर एक ओळ आहे: ‘वन्सं, आलवण १, हस्ते स्वतः.’ आजीच्या वन्सं, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, आमची आत्याआजी. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत नवरा गेला. तेव्हापासून साठ वर्षे ती वाड्याच्या वरच्या खोलीत राहिली. मी तिला पाहिले ते पांढऱ्या पातळात, खिडकीशी बसून मांडीवर वाती वळताना. कापूस पिंजायचा, राखेचे बोट लावायचे, वळायचे. कार्तिकात पंचगंगेवर आकाशदिवे चढत तेव्हा तिच्या लक्ष वातींचे पुडे तयार असत. यात्रेकरू ते घेऊन जात. सोलापूर, सातारा, सांगली, कुठकुठल्या देवघरांत तिच्या वाती जळल्या असतील, कोण सांगणार!

एकदा संक्रांतीला आईबरोबर हळदीकुंकवाला निघताना मी तिला विचारले होते, “तू नाही येत?”

“आमच्या हातचं वाण कोण घेणार, बाळ? वाती मात्र देवाला चालतात.” तिने हे काही दुःखाने सांगितले नाही. आज भाजी काय करायची हे सांगावे तसे सांगितले.

आजीच्या वहीत संक्रांतीच्या वाणाच्या याद्या आहेत. कुंकवाच्या डब्या कोणाकोणाला गेल्या, सगळे नीट. त्यात वन्संचे नाव एकदाही नाही. ते अपेक्षितच होते. पण वातीही नाहीत. इतक्या घरी गेलेल्या वातींच्या पुड्यांची, तीसहून अधिक वर्षांत, एकही नोंद नाही. मला आठवते, अकरा-बारा वर्षांची असताना मी आजीला याबद्दल विचारलेही होते.

“अगं, त्या विकत कुठं घेतल्या?” आजी म्हणाली होती.

तेव्हा ते उत्तर पटले होते. आता वाटते, बाजाराची नजर बाहेरून आमच्या घरात आली नाही. ती वहीत पहिल्या दिवसापासून होती. ज्याला पैसे पडले ते देणे, जे हातांनी केले ते काहीच नाही. त्यातही ते हात वाण द्यायला न चालणारे असले, तर मग बघायलाच नको.

आजीवर मी राग धरत नाही. तिच्या काळात दुसरे काही घडत होते आणि त्याचा स्पर्श तिच्या वहीला झालेला आहे. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला नेला. पार्वतीबाई आठवल्यांसारख्या विधवा बायका त्याच्यासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव फिरल्या. पुढे संस्थेने भाऊबीज निधी सुरू केला. भाऊबिजेला स्वतःच्या बहिणीला घालतो तशी ओवाळणी अनोळखी बहिणींच्या शिक्षणासाठी द्यावी, ही त्यामागची कल्पना. सणाच्या भेटीच्या आपल्याकडच्या इतिहासात मला ही सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते. ज्या बाईला ओवाळायचा अधिकार नाकारला, तिच्याच नावाने ओवाळणी मागायची, आणि तीही घरोघर जाऊन! १९४२ साली कर्व्यांना मानद डॉक्टरेट दिली ती आमच्या काशीच्याच हिंदू विश्वविद्यालयाने.

याचा आमच्या घराशी काही संबंध होता का, हे वहीत लिहिलेले नाही. एवढे लिहिलेले आहे की १९४७ पर्यंत ‘आलवण १’ आहे आणि १९४८च्या भाऊबिजेला ‘वन्सं, पांढरे पातळ काठाचे १’. आजोबांनी आणले की आजीने, कोणी काही बोलले की नाही, आत्याआजीने ते पहिल्यांदा नेसले तेव्हा वरच्या खोलीतून ती खाली आली की नाही, ते कळायला मार्ग नाही. एका रकान्यातले दोन शब्द बदलले, बस. पुढे दरवर्षी काठाचेच पातळ आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत वही स्टीलने भरून गेली. पितळेला कल्हई लागे, स्टीलला काही नको. लग्नात आणि दिवाळसणाला स्टीलचे डबे, तांब्या-भांडी, पुढे कुकर. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून द्यायचे: कोणाकडून, कोणाला, कधी. आमच्या फडताळातले निम्मे डबे अजून असे बोलतात. ‘हस्ते’चा रकाना जणू वहीतून भांड्यांवर उतरला होता. दिवाळसणाच्या याद्या मात्र वाचवत नाहीत. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. आमच्या वहीत त्यानंतर ‘हुंडा’ हा शब्द नाही, आणि जावयाच्या दिवाळीची यादी एका पानावरून दोन पानांवर गेली आहे. घड्याळ, रेडिओ, मग स्कूटरचा हप्ता. हा दिखावा नव्वदनंतर आला असे जे म्हणतात, त्यांनी आपल्या घरातल्या वह्या काढून बघाव्यात.

आजी गेल्यावर वही आईकडे आली. १९८२ साली रंगीत दूरदर्शन आले, १९९१ नंतर दुकाने बदलली. वाणाच्या डब्या प्लास्टिकच्या झाल्या. त्या काश्मिरीगंजातून येत नव्हत्या आणि काशीहून पाठवण्यातही अर्थ उरला नव्हता, कारण त्याच डब्या पुण्याच्या तुळशीबागेत मिळत. शालूचेही तसेच झाले. सुरतेच्या यंत्रमागावर बनारसी नक्षी निघू लागली. बनारसी साडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण तोवर आमच्याकडे ‘एक चांगला शालू बघून ठेवा’ असे पत्र येणे केव्हाच थांबले होते. सुक्या मेव्याचे आणि सोनपापडीचे खोके सुरू झाले, त्यातला एक आमच्याच घरून निघून दोन घरे फिरून परत आला, असे आई शपथेवर सांगे. ‘हस्ते’ खाली आईने आधी ‘पोस्ट’ लिहिले, मग ‘कुरिअर’. मग रकाना कोरा आहे. शेवटची नोंद २००३ची.

दादा मला दर भाऊबिजेला मनिऑर्डर करी. फॉर्मच्या तळाशी संदेशाची जी चिमूटभर जागा असे, तिथे तो मुंगीच्या अक्षरात घरची सगळी हकिकत कोंबे. २०१५ साली टपालखात्याने ती जुनी मनिऑर्डर बंद केली. आता फोन वाजतो आणि रक्कम जमा झाल्याचे कळते. रक्कम पहिल्यापेक्षा किती तरी मोठी असते. हकिकत नसते. मी दरवर्षी महानगरीने काशीला जाऊ लागले, त्याचे एक कारण हेही.

इथे थांबले असते तर माझा तयार निष्कर्ष थोडाफार खरा ठरला असता. पण मला माझीही एक नोंद करायची आहे.

माझे यजमान जाऊन सहा वर्षे झाली. आमच्या पुण्याच्या सोसायटीत सुशिक्षित, मनमिळाऊ बायका आहेत. पहिल्या संक्रांतीला शेजारच्या घरात हळदीकुंकू होते. मला तिळगुळाची वाटी दुसऱ्या दिवशी आली, फार प्रेमाने. त्या बाईंना मला दुखवायचे नव्हते, म्हणूनच त्यांनी बोलावले नाही. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने बाकीच्या गावांना तो कित्ता घालून दिला. तो आमच्या लिफ्टपर्यंत यायला अजून वेळ आहे.

त्याच संक्रांतीला दारावर एक खोका आला. दादाची मुलगी बंगळुरूला असते, तिने मागवलेला. आत तिळाच्या वड्या, हळदीकुंकवाच्या दोन छोट्या डब्या, एक कापडी पिशवी आणि छापील चिठ्ठी: ‘संक्रांतीचं वाण’. खोका देणारा मुलगा सही घेऊन गेला. त्याला मी कोण, माझ्या कपाळावर काय आहे, याच्याशी काही कर्तव्य नव्हते. मी ती डबी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. जे वाण आत्याआजीला साठ वर्षांत एका जिव्हाळ्याच्या हाताने दिले नाही, ते मला एका गोदामाने पोचवले.

मग शंका आली. मुलीने विचार करून पाठवले, की पत्त्यांच्या यादीत सगळ्यांपुढे खूण करताना माझ्यापुढेही झाली? मी फोन केला.

“आत्या, अगं यादीत तू नसणार तर कोण असणार?” ती म्हणाली. माझ्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते. किंवा असेल.

एवढे मला आता दिसते. ज्या हातांची आपण आठवण काढतो ते हात फक्त देत नव्हते, निवडतही होते. शालूबरोबर हकिकत पोचवणाऱ्या त्याच व्यवस्थेने वन्संना वाणाच्या यादीबाहेर ठेवले. आजचा खोका निवड करत नाही, आणि काही सांगतही नाही. मला दोन्ही हवे आहे, आणि ते मागणे गैर आहे असे वाटत नाही. हिंगण्याच्या भाऊबिजेने ते एकदा करून दाखवले होते: हात तोच, सण तोच, फक्त यादी मोठी.

भाऊबिजेच्या रात्री मी आत्याआजीच्या खोलीत बसून वाती वळल्या. चांगल्या होत नाहीत. तिची वात शेवटपर्यंत एकसारखी जळे, माझी मध्येच जाड होते. सकाळी भाची निघाली तेव्हा एक पुडा तिच्या हातात दिला, बंगळुरूच्या देवघरासाठी. मग वही उघडली आणि २००३ नंतरच्या पहिल्या कोऱ्या ओळीवर तिथी घातली.

दादा चहा घेऊन आला. “या वाती ठठेरीतून आणल्यास?”

“नाही. मी वळल्या.”

“मग लिहायच्या कशाला?”

मी जिन्नस लिहिला आणि ‘हस्ते’ खाली भाचीचे नाव घातले. नंतर त्याच पानावर वर थोडी जागा होती तिथे, मागील बाकी म्हणून, एक ओळ लिहिली: ‘वन्संकडून, वाती.’ संख्या घातली नाही. ती कोणी मोजलीच नव्हती.